मदत हवी आहे : मुलाला खाली दुखतंय, सोनोग्राफी उद्या केली तर चालेल का?

रानवारा (रात्री ८:१२)
मुलाला खाली एका बाजूला खूप दुखतंय. गावातल्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, सोनोग्राफी करून घ्या म्हणाले. सेंटरवाले म्हणतात रेडिऑलॉजिस्ट उद्या ११ ला येणार. तोवर थांबू का? खर्च किती येतो? लवकर सांगा.

सोनचाफा
खाली म्हणजे नक्की कुठे? वय काय? कधीपासून? ताप, उलटी?

रानवारा
अंडकोशात, डावीकडे. वय १४. ताप नाही. खर्चाचं सांगा ना कोणीतरी.

तात्या_वाईकर
घाबरू नका. माझ्या भाच्याला अस्संच झालं होतं, इन्फेक्शन निघालं. गोळ्यांनी बरा झाला. लंगोट बांधा. हल्लीची पोरं लंगोट बांधत नाहीत, तिथेच सगळं बिघडतं.

चिमटा
तात्या, भाचा किती वर्षांचा?

तात्या_वाईकर
३२. त्याचा काय संबंध?

चिमटा
मी सर्जन आहे, संबंध आहे. १४ व्या वर्षी अचानक दुखलं की आधी वृषणाला पीळ पडलाय असं समजायचं, म्हणजे टॉर्शन. रक्तपुरवठा तुटतो. साधारण ६ तासांत ऑपरेशन करून पीळ सोडवला तर वृषण बहुतेक वेळा वाचतं, पुढे आशा भराभर कमी होते. रानवारा, दुखणं सुरू किती वाजता झालं?

मुतखडा_पीडित
मुतखड्याची कळही तिथेच उतरते. कुळथाचं कढण द्या.

अंजिरी
पण डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, न करता थेट ऑपरेशन? माझा पुतण्या १० वर्षांचा. डॉपलरमध्ये रक्तप्रवाह नीट दिसला, नुसता वृषणावरचा छोटा कोंब पिळला होता. ऑपरेशन टळलं.

चिमटा
यंत्र आणि तपासणारा दोन्ही तिथेच हजर असतील तर जरूर करावं. दोन्ही बाजूंची तुलना करतात : पीळ असेल तर प्रवाह कमी किंवा बंद, इन्फेक्शनमध्ये उलट वाढलेला. पण अर्धवट पिळात प्रवाह दिसूही शकतो. आणि उद्या ११ ची सोनोग्राफी या पोराच्या काय कामाची?

तात्या_वाईकर
त्या गर्भलिंग कायद्यापायी सेंटरं अशी अडून बसतात. किती तो फॉर्म एफ!

सोनचाफा
तो गरोदर बायकांसाठी असतो हो तात्या!

रानवारा (८:३१)
आत्ता खोदून विचारलं. साडेतीनला शाळेतून आल्यापासून पोटात दुखतंय म्हणत होता, आम्हाला वाटलं वडापाव बाधला. दोनदा उलटी झाली. खालचं सांगायला लाजला.

चिमटा
५ तास होत आले. आत्ता निघा, सर्जन असलेल्या हॉस्पिटलात. वाटेतून फोन करा. खायला-प्यायला काही देऊ नका.

रानवारा (८:३४)
शेजाऱ्यांची गाडी मिळाली. साताऱ्याला निघालो.

मुतखडा_पीडित
पाणी तरी पाजा भरपूर.

सोनचाफा
अहो वाचा जरा वरचं!

रानवारा (रात्री १:०५)
पीळच होता, दीड वेढा. सर्जनने हात लावून पाहिलं आणि सोनोग्राफी न करता थेट आत घेतलं. सोडवल्यावर रंग परत आला म्हणाले. उजव्या बाजूलाही टाके घालून ठेवलेत, पुन्हा व्हायला नको म्हणून. झोपलाय आता.

मुतखडा_पीडित
छान झालं. पण सोनोग्राफीला पैसे किती पडतात ते कोणी सांगितलंच नाही. मला खड्याची करायची आहे.