जुन्या दगडी घराची डागडुजी: सिमेंटला हात लावायचा की नाही?

दगडमाती
गावाकडचं जुनं घर दुरुस्तीला काढलं की सल्ला ठरलेला असतो. जुना गिलावा खरवडा, सिमेंटचा करा, लाकडी माळा काढून स्लॅब टाका. मी बोलतोय ते दोन फुटी दगडी भिंती, माती-चुन्याचे सांधे, लाकडी तुळया आणि वर कौलं असलेल्या घराबद्दल. माझं मत: अशा भिंतीला सिमेंट लावूच नये, चुन्याचाच गिलावा करावा. रूपाचं नंतर बघू, आधी पाण्याचं बघू.

या भिंतींना जोत्यात ओलरोधक थर नसतो. जमिनीतून आणि पावसातून आलेलं पाणी सांध्यांतून, गिलाव्यातून वाफ होऊन बाहेर पडतं. सिमेंटच्या गिलाव्याला केसाएवढ्या भेगा पडतातच. त्यातून पाणी आत शिरतं, पण बाहेर पडायला वाट राहत नाही. मग गुडघ्यापर्यंत असलेली ओल कमरेच्या वर चढते, मातीचे सांधे मऊ पडतात आणि भिंतीत रुतलेलं तुळईचं टोक कुजायला लागतं. थापीच्या दांड्याने ठोकून बघा. बद्द आवाज आला तिथे गिलावा सुटलेला आहे, आणि मऊ दगड असेल तर गिलाव्याचा पोपडा दगडाचा पापुद्रा घेऊनच पडतो.

स्लॅबही नकोच. 100 मिमी जाडीच्या स्लॅबचं वजन चौरस मीटरला 250 किलो. 4 बाय 4 मीटरच्या खोलीत 4 टन झाले. शिवाय तो टेकवायला भिंतीत सलग खाच मारायची, म्हणजे भिंत तिथेच कापली.

पक्कंकाम
स्लॅबबद्दल मान्य. पण चुन्याचं एवढं कौतुक करताना तो बिघडतो कसा, हेही सांगा. कळीचा चुना, म्हणजे भाजलेल्या चुनखडीचे कोरडे खडे, नीट भिजला नाही, तर न विरलेले खडे महिन्यांनी फुगतात आणि गिलाव्याला फोड येतात. एका दमात 20 मिमीचा थर मारला की तडे. उन्हात भरभर सुकला की हात फिरवल्यावर पीठ निघतं. चुना जाणणारा गवंडी मिळाला नाही तर वाईट चुन्यापेक्षा 1:1:6 चं मिश्रण बरं: एक भाग सिमेंट, एक चुना, सहा वाळू. निव्वळ सिमेंटपेक्षा ते मऊ असतं आणि पाऊस झोडपतो त्या बाजूला टिकतं.

दगडमाती
बिघाड तुम्ही बरोबर सांगितलेत, पण ते सगळे टाळता येतात. भिजवलेला चुना लोण्यासारखा होईपर्यंत पाण्याखाली मुरू द्यायचा आणि चाळून घ्यायचा. एक भाग चुना, तीन भाग धुतलेली, टोकदार, बारीक-जाड मिसळ वाळू. थर 10 ते 12 मिमीचा, पहिला पुरेसा घट्ट झाल्याशिवाय दुसरा नाही. आधी भिंत भिजवायची, नंतर आठवडाभर ओलं गोणपाट टांगून ठेवायचं. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो, आणि त्यासाठी ओलावा लागतो. गोणपाट न टांगता घरी गेलेला गवंडी हेच खरं पीठ निघण्याचं कारण.

1:1:6 मातीच्या सांध्यांपेक्षा कितीतरी कडक आहे. भिंत थोडी हलली की तडा सांध्यात न जाता दगडात जातो. झोडपणाऱ्या बाजूला पाण्यात घट्ट होणारा नैसर्गिक हायड्रॉलिक चुना वापरा, मजबुतीच्या 3.5 वर्गाचा. दर्जा, म्हणजे दगडांमधले सांधे, भरतानाही हाच नियम, मसाला दगडापेक्षा मऊ हवा. सांधा रुंदीच्या दुप्पट खोल, निदान 25 मिमी, हाताने मोकळा करायचा. ग्राइंडर लावलात तर दगडाच्या कडा गेल्या, त्या परत येत नाहीत.

रंधा_पटाशी
भिंतीवर दोघंही बोललात, आता लाकडाकडे या. तुळईचं टोक वरून धडधाकट दिसतं. भिंतीलगत खालच्या बाजूने आरी, म्हणजे मूठ असलेला टोकदार सुवा, टोचा. चांगल्या लाकडात ती दोन-तीन मिमीवर अडते, कुजलेल्यात मुठीपर्यंत जाते. पण टोक कुजलं म्हणून अख्खी तुळई बदलायची गरज नसते. आधी खाली फळी टाकून टेकू द्या, मगच कापा. निरोगी लाकूड लागेपर्यंत मागे जायचं आणि त्याच जातीच्या सुकलेल्या लाकडाचा तिरका सांधा करायचा. लांबी तुळईच्या उंचीच्या साधारण तिप्पट, स्टेनलेस बोल्ट 12 मिमीचे. भिंतीतल्या टोकाखाली ओलरोधक पट्टी, तिन्ही बाजूंना बोटभर मोकळी हवा. टोकाला डांबर फासून प्लॅस्टिक गुंडाळायची पद्धत फार वाईट, त्यात ओल कोंडते.

पक्कंकाम
इथे तरी आधुनिक उपाय मान्य करा. तुळईच्या दोन्ही अंगांना पोलादी चॅनेल (इंग्रजी C आकाराच्या पट्ट्या) बोल्टने आवळले की जुनं लाकूड कापावंच लागत नाही, आणि उद्या काढताही येतात. जुन्या वास्तूंच्या जतनाची आंतरराष्ट्रीय तत्त्वं सांगणाऱ्या 1964 च्या व्हेनिस सनदेतही पारंपरिक तंत्र अपुरं पडेल तिथे आधुनिक तंत्राला मुभा आहे.

रंधा_पटाशी
हो, टोक शाबूत आणि मधे बाक असेल तर चॅनेलच बरे. टोकच कुजलं असेल तर मात्र चॅनेल भिंतीत न्यावे लागतात, आणि ओल्या भिंतीत ते गंजतात.

दगडमाती
त्याच सनदेत असंही आहे की जिथे अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. नसलेली नक्षी मनाने घडवून बसवू नका.

आणि गिलाव्याला शेवटी हात लावा. आधी कौलं, पन्हाळी. मग बाहेरची जमीन आतल्या फरशीपेक्षा निदान 150 मिमी खाली आणायची आणि भिंतीला टेकलेलं काँक्रीट फोडायचं. निम्मी ओल इथेच थांबते. उरलेली सुकायला वेळ द्या. ढोबळ हिशोब महिन्याला 25 मिमीचा. 600 मिमीची भिंत दोन्हीकडून सुकली तरी वर्ष जातं.

पक्कंकाम
वर्षभर कुटुंबाने कुठे राहायचं? आणि न्हाणीघराचं काय? तिथे चुना लावून चालणार नाही.

दगडमाती
वर्षभर घर रिकामं ठेवायला नको. तोवर खिडक्या, वायरिंग, तुळया होतात, भिंत उघडी ठेवून एकेक खोली वापरता येते. लोणा, म्हणजे भिंतीवर येणारे पांढरे क्षार, फुटला तर कोरड्या ब्रशने झाडा, पाण्याने धुतलात तर क्षार परत आत जातात. न्हाणीघराच्या टाइल्स जुन्या भिंतीला चिकटवू नका. 50 मिमी अंतर सोडून वेगळा सांगाडा उभा करा, त्यावर सिमेंट बोर्ड, त्यावर टाइल. मागच्या पोकळीला खाली आणि वर जाळी ठेवा. तिथे सिमेंटला माझी हरकत नाही.