रोझेशिया (चेहऱ्यावर सतत लाली आणणारा त्वचाविकार): सावळ्या त्वचेवर लेझर करावं का?

मीनल: गाल-नाक सतत लाल. उन्हातून आले, तिखट खाल्लं की भगभग. मेडिकलवाल्याने दिलेल्या क्रीमने उतरलं, बंद करताच दुप्पट उसळलं. लेझर करू का?

सुजाता: मीनल, ट्यूबवर बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल लिहिलंय का बघ. स्टेरॉइडनेच असं उसळतं गं! आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखव. माझ्या रोझेशियाच्या पुळ्या मेट्रोनिडाझोल जेलने गेल्या, लाली राहिली, कारण ती रुंदावलेल्या रक्तवाहिन्यांची. लेझर तिच्यासाठी. आयपीएलने (तीव्र प्रकाशाच्या झोतांचा उपचार) आपल्या सावळ्या रंगावर काळे डाग पडू शकतात. १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचं एनडी-याग लेझर तुलनेने सुरक्षित. थोड्या जागेवर चाचणी करायला सांगच.

मीनल: बीटामेथासोनच आहे. उद्याच अपॉइंटमेंट घेते.

अनघा: डोळे चुरचुरतात का? तेही डॉक्टरांना सांग, रोझेशिया डोळ्यांतही होतो. आणि एसपीएफ ३०चं सनस्क्रीन रोज.