'तोत्तोचान' दहा वर्षांच्या मुलांच्या हाती द्यावं का?

निंबोणी
भाचीला यंदा दहावं लागलं. वाढदिवसाला तिला जपानी लेखिका तेत्सुको कुरोयानागींचं 'तोत्तोचान' दिलं, नॅशनल बुक ट्रस्टने काढलेलं मराठीतलं. घरात त्या वयाचं कुणी असेल तर आणाच. पहिलीतच शाळेतून काढून टाकलेली मुलगी, आगगाडीच्या डब्यांत भरणारी तोमोए शाळा, आणि पहिल्याच भेटीत चार तास तिची बडबड ऐकून घेणारे मुख्याध्यापक कोबायाशी. संडासात पाकीट पडतं म्हणून तोत्तोचान टाकीतला मैला उपसत बसते, ते पान भाचीने आजीला दोनदा वाचून दाखवलं. कोबायाशी ओरडत नाहीत. झाल्यावर सगळं परत आत टाकशील ना, एवढंच विचारतात नि चालू लागतात!

खडूफळा
पुस्तक मलाही जिवापाड आवडतं, पण ते मोठ्यांचं आहे. मुळात ते तरुण स्त्रियांच्या मासिकात क्रमशः येत होतं, १९८१ साली पुस्तक झालं. शिवाय ही कादंबरी नव्हे, लेखिकेच्या स्वतःच्या आठवणी आहेत. मी शिक्षक आहे. तोमोएत सगळी मिळून पन्नासेक मुलं, माझ्या एका वर्गात अठ्ठेचाळीस. "सर, आपली शाळा अशी का नाही?" असं पोराने विचारलं तर मी काय सांगू? आधी पालकांनी वाचावं, संस्थाचालकांनी वाचावं.

रानवाट
माझाही नकार, कारण वेगळं. पोलिओ झालेल्या यासुआकीला, तिच्या वर्गमित्राला, तोत्तोचान कसंबसं झाडावर चढवते, तिथे लेक टाळ्या पिटत होता. पुढे यासुआकी जातो. त्यानंतर पुस्तक मिटलं ते मिटलंच. तेरा-चौदापर्यंत थांबायला हवं होतं.

निंबोणी
रानवाट, लेकाचं वाचून वाईट वाटलं. तरी त्या प्रकरणात रडारड नाही. यासुआकीने वाचायला दिलेलं पुस्तक आता परत करता येणार नाही, हे तिला अंत्ययात्रेच्या दिवशी जाणवतं. मुलांना मरण असंच कळतं. लेकासोबत बसून ते पान वाचून बघा.

आणि खडूफळा सर, मासिक कुणाचंही असो, नजर सहा-सात वर्षांच्या पोरीची आहे, प्रकरणं दोन-तीन पानांची. तुमच्या वर्गातल्या पोराने तो प्रश्न विचारायलाच हवा. उत्तर तुमच्या एकट्याच्या हातात नाही, हेही त्याला सांगा.

खडूफळा
सांगेन. पण शेवट? १९४५च्या बॉम्बहल्ल्यात शाळा जळतेय, आणि कोबायाशी शेजारी उभ्या स्वतःच्या मुलाला विचारतात, आता पुढची शाळा कशी काढायची? त्या वाक्याशी मी दरवेळी थांबतो. दहा वर्षांचं पोर ते सहज ओलांडून जाईल.

निंबोणी
नाही गेली ओलांडून. "मग काढली का?" हा तिचा पहिला प्रश्न. बालवाडी पुन्हा काढली, पण ती शाळा परत उभी राहिली नाही, १९६३ साली कोबायाशी गेले, हे मला सांगावं लागलं. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "रेल्वेने त्यांना दुसरे डबे द्यायला हवे होते."