क्वांगतुंग १८८९, '७ मेस ३ कँडरीन' पॅटर्न: वजन कमी भरतंय

गिरगाव_नाणी
मंडळी, फोर्टातल्या एका विक्रेत्याकडे १८८९चा क्वांगतुंग (चिनी प्रांत) पॅटर्न, म्हणजे चलनात आणण्याआधी काढलेला नमुना, म्हणून नाणं आलंय. चिनी अक्षरांभोवती इंग्रजी मजकूर, दुसऱ्या बाजूला ड्रॅगन. व्यास ३९ मिमी, वजन २६.६ ग्रॅम, झीज नाही, चुंबकाला चिकटत नाही. 'पॅटर्नचं वजन थोडं इकडेतिकडे असतंच,' असं ते म्हणतात. पटतंय का?

ठसेतपास
नाही. मांडणी बरोबर आहे, इंग्रजी ड्रॅगनभोवती नंतर गेलं. पण या नाण्याची सगळी मजाच वजनात आहे. तिथले तेव्हाचे सुभेदार चांग चीतुंग यांना चीनमध्ये चालणाऱ्या मेक्सिकन डॉलरपेक्षा जड नाणं काढून त्या डॉलरला हटवायचं होतं. मेस हे चिनी वजनाचं माप, सुमारे ३.७३ ग्रॅम, आणि कँडरीन त्याचा दहावा भाग, म्हणजे ७.३ मेसचे २७.२ व्हायला हवेत. जड नाणं लोक दाबून ठेवणार नाहीतर वितळवणार, त्यामुळे मग ७ मेस २ कँडरीन (२६.९) ठरलं. तुमचं त्याहूनही हलकं! न झिजता ०.६ ग्रॅम गेले कुठे? आणि चुंबकाचं काय घेऊन बसलात, पितळही चिकटत नाही.

वजनकाटा
पाण्यात तोला. ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवून शून्य करा, नाणं बारीक दोऱ्याने पूर्ण बुडवा. तळाला, कडेला लागू देऊ नका. काटा दाखवतो ते नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. ९०० चांदीची (हजारात ९०० भाग शुद्ध) घनता साधारण १०.३, म्हणून तुमच्या नाण्याला (२६.६ भागिले १०.३) काट्यावर २.५८च्या आसपास आकडा यावा. ३.१ आला तर पितळ. बुडबुडे चिकटले की आकडा उगाच वाढतो. पाण्यात साबणाचा एक थेंब टाका.

ठसेतपास
आकडा बरोबर आला तरी सुटलात असं नाही, चांदीतही नकला होतात. दहापटीच्या भिंगाने दातेरी कडेवर जोडाची रेघ किंवा कानस मारल्याच्या खुणा दिसतात का बघा. ड्रॅगनच्या खवल्यांमध्ये बारीक छिद्रं असतील तर ते साच्यात ओतलेलं, म्हणजे नकली. तुलनेला आपल्या मुंबई टांकसाळीचा ब्रिटिश ट्रेड डॉलर घ्या, त्रिशूळाच्या मधल्या टोकावर 'बी' असलेला. चांदी ९००, वजन २६.९५, व्यास ३९. ठशातून काढलेल्या नाण्याची कड कशी असते ते त्यावर नीट कळतं. नाणं चकचकीत करायला चिंच-पावडर मात्र लावू नका.

गिरगाव_नाणी
आभार. खरं निघालं तर परदेशी ग्रेडिंगला, म्हणजे अस्सलपणा आणि दर्जा ठरवून घ्यायला, पाठवता येईल?

वजनकाटा
शंभर वर्षांपुढचं नाणं १९७२च्या कायद्यात पुरावस्तू ठरतं, मग ते चीनचं का असेना. खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. तपासणी इथेच, आणि पैसे मोजण्याआधी.