'व्हँतेअँ' म्हणजे आपलं एकवीसच

एका अनुवादित कादंबरीत मंडळी रात्री 'व्हिंग्टेटून' खेळत बसतात. पत्त्यांचा डाव आहे एवढं कळतं. शब्द कुठला? उच्चार असाच का?

— असा अजिबात नाही, अनुवादकाने स्पेलिंग वाचलंय. फ्रेंच शब्द आहे, उच्चार साधारण 'व्हँतेअँ'. व्हँ म्हणजे वीस, ए म्हणजे आणि, अँ म्हणजे एक. नुसतं वीस म्हणताना शेवटचा त लिहितात पण उच्चारत नाहीत. इथे पुढे स्वर आला म्हणून तो ऐकू येतो. डाव म्हणाल तर ट्वेंटीवन, आजचं ब्लॅकजॅक. पानांची बेरीज एकवीसपर्यंत न्यायची, बावीस झाले की गेलात. राजा, राणी, गुलाम दहाचे. एक्का एकाचा किंवा अकराचा, सोयीने.

गंमत म्हणजे हा 'व्हँ' आपल्या विसाचा चुलतभाऊ. तिकडे लॅटिन विगिंती, इकडे संस्कृत विंशति, मूळ एकच. फरक क्रमाचा. ते वीस आधी म्हणतात, आपण एक. २०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक' आलं आणि केवढा गदारोळ झाला! फ्रेंच पोरं तेच म्हणत मोठी होतात.

— म्हणजे खेळ फ्रेंचांचा?

— नाव त्यांचं, खेळाबद्दल मी पैज लावणार नाही. १६१३ साली छापलेल्या सर्व्हान्तेसच्या एका स्पॅनिश कथेत दोन भामटी पोरं भेटतात. त्यातला एक फुशारकी मारतो, की मी पत्ते कापले की खाली एक्का राहणारच, आणि 'व्हेइन्तिउना'त तो एक्का एकालाही चालतो, अकरालाही. व्हेइन्तिउना म्हणजे पुन्हा एकवीसच. एक्क्याचा नियमही हाच. फ्रान्समध्ये हा डाव गाजला तो नंतर, अठराव्या शतकात.

— मग मराठीत काय लिहावं?

— सरळ 'एकवीस' लिहा. पात्रं फ्रेंच बोलत असतील तर 'व्हँतेअँ' ठेवा, पण 'व्हिंग्टेटून' नको. आणखी एक खड्डा सांगून ठेवतो. इंग्रजांच्या तोंडी हाच शब्द मोडून बहुधा 'पाँटून' झाला, आणि इंग्रजीत पाँटून म्हणजे तरंगत्या पुलाखालचा तराफाही. तेव्हा शिपाई रात्री बराकीत पैसे लावून 'पाँटून' करत बसले असतील, तर त्यांना पूल बांधायला लावू नका.