शिध्याची पिशवी बांधून द्यावी, की घेणाऱ्याला निवडू द्यावे?

गोदाकाठ:
पंचवटीत आम्ही दहा-बारा जण दर रविवारी सकाळी गरजू कुटुंबांना कोरडा शिधा देतो. तांदूळ, तूरडाळ, तेल, साखर, मीठ आणि हळद-तिखटाच्या पुड्या भरलेली पिशवी शनिवारी रात्रीच बांधून ठेवलेली असते. मागच्या रविवारी एका मावशींनी पिशवी उघडली, तूरडाळ काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "ही राहू द्या, हिच्याऐवजी पोहे असतील तर बघा." आमच्यातील एक जण "फुकटातही आवडनिवड?" असे त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलला आणि मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. विचारल्यावर कळले की, त्या तीन विटांच्या चुलीवर काटक्या आणि पुठ्ठे जाळून रांधतात. डाळ शिजेपर्यंत सरपण पुरत नाही. चार वर्षे पिशव्या भरूनही हे माझ्या कधी ध्यानात आले नव्हते. यापुढे सामान मांडून ठेवावे आणि ज्याला जे हवे ते त्याने उचलावे, असे मला वाटते. परंतु रांग लांबेल आणि तेल पहिल्या वीस जणांतच संपेल, अशी सहकाऱ्यांची हरकत आहे. ज्यांनी असे काम केले आहे, त्यांनी कृपया अनुभव सांगावा.

सातपूरकर:
रांग लांबते, हे खरे आहे. आमच्याकडे अर्ध्या तासाचे काम दीड तासावर गेले आणि दोन स्वयंसेवक कंटाळून यायचे थांबले. तेल आणि डाळ घरटी ठरवून द्या, बाकीचे निवडू द्या, म्हणजे ओढाताण होत नाही. द्राक्षबागांच्या कामाला पेठ-सुरगाण्याकडून येणारी कुटुंबे आमच्याकडची गव्हाच्या पिठाची पुडी मुकाट्याने घेत आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात निम्म्या भावाने विकत. आम्ही त्यांना लबाड ठरवून मोकळे झालो होतो. नागलीचे पीठ ठेवल्यावर ती विक्री आपोआप थांबली. चुलीचा प्रश्न असेल तर तुरीऐवजी मसूर ठेवून पाहावी, ती लवकर शिजते.

जुना हिशेबनीस:
निवडीला माझा विरोध नाही, मात्र साठ्याची वही रोजच्या रोज लिहावी, नाहीतर देणगीदारांना उत्तर देताना फजिती होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, रेशनकार्ड आहे का, हे आपुलकीने विचारावे. शिधा देण्याची अट म्हणून मुळीच नको. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे प्राधान्य कुटुंबाला माणशी दरमहा 5 किलो आणि अंत्योदय कुटुंबाला 35 किलो धान्य मिळते, तेही जानेवारी 2023 पासून मोफत. सुरगाण्याच्या कार्डावर नाशिकच्या दुकानातही धान्य उचलता येते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. सिमेंटच्या कामाने बोटांच्या रेषा झिजलेल्या माणसाचा अंगठा यंत्रावर उमटत नाही आणि तो हात हलवत परत येतो. अशा वेळी आपल्यापैकी कोणी सोबत गेले, तर दुकानदाराचे बोलणेही बदलते. आपल्या पिशवीपेक्षा तो हक्क मोठा आहे.

नाव नको:
मी लहानपणी आईबरोबर अशा रांगेत उभा राहिलो आहे. पिशवीवर देणाऱ्याचे नाव मोठ्या लाल अक्षरांत छापलेले असे. आई ती उलटी करून, छपाई आत घालून घरी आणायची, कारण वाटेत माझी शाळा लागत असे. आपल्या पिशव्या कोऱ्या असतात का?

गोदाकाठ:
नाहीत. एका दुकानदाराने नाव छापून दिलेल्या दोनशे पिशव्या अजून शिल्लक आहेत. त्या आता आतल्या खोलीत धान्य भरायला वापरू आणि लोकांना घरूनच पिशवी आणायला सांगू. तेल-डाळ घरटी, बाकीचे निवडून, असे दोन रविवार करून पाहायचे ठरले आहे. ते वाक्य बोललेले गृहस्थच मसूर आणायला बाजारात गेले आहेत. पोह्यांचे पोते मी कालच आणून ठेवले. त्या मावशी पुन्हा येतात की नाही, ते रविवारी कळेल.