रोजचं जेवण बाहेरून मागवणं परवडेना, मदत हवी आहे (सांगली)

कृष्णाकाठची लेक | सोमवार, रात्री ११:४०

घाईत लिहितेय, सांभाळून घ्या. आई-आप्पांना रोज दुपारचं जेवण अ‍ॅपवरून मागवतेय, त्याला महिना झाला. आज हिशोब काढला तर तेरा हजार! सांगलीत! मी इथे पुण्यात राहून एवढं बाहेरचं खात नाही. ज्या हॉटेलातून येतं तिथे थाळी १३० ला आहे, मी स्वतः जाऊन जेवलेय. दोन माणसांचं बिल चारशेच्या वर जातंच कसं? स्वस्त आणि बरं काही असेल तर सांगा. डबा सुचवू नका, तो करून झालाय. सकाळपर्यंत कळलं तर बरं, साडेअकराला ऑर्डर टाकावी लागते.

शंभर फुटी | सोमवार, रात्री ११:५२

सांगलीत कुठे? गावभागात की विश्रामबाग साइडला? का मिरज-कुपवाडलाही सांगलीच म्हणताय? त्यावर सगळं अवलंबून आहे.

आमटीभात | मंगळवार, सकाळी ६:१५

घरी स्वयंपाक का होत नाही ते लिहिलंच नाही तुम्ही. आजारपण? वय? पथ्यपाणी? सकाळी सकाळी कोडी घालू नका.

कृष्णाकाठची लेक | मंगळवार, सकाळी ७:०२

विश्रामबाग. आईचा उजवा हात मनगटाशी मोडलाय, प्लास्टर आहे. आप्पा ७४, साखर आहे. तिसरा मजला, लिफ्ट नाही. रात्री दूध-भाकरी खातात, भाकऱ्या शेजारच्या काकू देतात. प्रश्न दुपारचाच आहे. हे सगळं लिहायचं राहिलं, पण थाळीच्या भावाचा आईच्या हाताशी काय संबंध असं वाटलं मला.

मिरजमार्गे | मंगळवार, सकाळी ७:२०

स्वयंपाकाला बाई लावा, विषय संपला. माझ्या आईकडे येतात त्या दोन माणसांच्या पोळ्या आणि एक भाजी करतात, महिना साडेतीन हजार. वर गरम जेवण. तेरा हजारांत तर तुम्ही बाईंना पगारी रजासुद्धा देऊ शकाल.

कृष्णाकाठची लेक | मंगळवार, सकाळी ७:३१

दोघींना विचारून झालं. एक म्हणाली वर्षाचं बोलणार असाल तर येते. दुसरी तिसरा मजला ऐकून पुन्हा फोनच उचलत नाही.

ग्राहकराजा | मंगळवार, सकाळी ८:०५

ताई, सर्व्हिस चार्ज भरू नका! केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ लाच सांगितलंय की तो आपोआप बिलात लावता येत नाही. दिल्ली उच्च न्यायालयानेही २८ मार्च २०२५ ला त्यावर शिक्का मारला. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरला फोन लावा, हक्काने भांडा.

तेरीज-ताळेबंद | मंगळवार, सकाळी ८:११

त्यांच्या बिलात सर्व्हिस चार्ज आहे असं त्या कुठे म्हणाल्या? ताई, कालचं बिल जसंच्या तसं, ओळीनिशी इथे टाका. त्याशिवाय सगळे अंधारात दगड मारणार.

अजिंक्यताऱ्याचा पायथा | मंगळवार, सकाळी ८:४०

साताऱ्यात वेगळं काही नाही. पोवई नाक्यावर आम्ही कॉलेजात असताना मिसळ खाऊन वर चहा पिऊन पन्नासाच्या नोटेतून सुट्टे परत यायचे. आता नुसती मिसळ घेतली तरी शंभराची नोट पुढे करावी लागते आणि जादा पावाला मालक तोंडाकडे बघतो. तर्री मात्र अजून मागाल तेवढी, तेवढा मोठेपणा शिल्लक आहे. कासला पाहुण्यांना नेलं त्या दिवशी पाण्याची बाटली एमआरपीपेक्षा दहा रुपये जास्त लावली, ते वेगळंच.

ग्राहकराजा | मंगळवार, सकाळी ८:४६

एमआरपीपेक्षा जास्त घेणं गुन्हा आहे. तक्रार करा.

तेरीज-ताळेबंद | मंगळवार, सकाळी ८:५९

दुकानात गुन्हा. हॉटेलात टेबलावर बसवून दिलेल्या बाटलीचं तसं नाही. सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर २०१७ च्या निकालात सांगितलंय की तिथे नुसती बाटली विकत नाहीत, बसायची जागा आणि सेवाही त्यात आली. पटो न पटो. पण धागा पाण्याचा नाही. ताई, बिल?

आमटीभात | मंगळवार, सकाळी ९:१०

मी स्पष्टच विचारते. आप्पांना कुकर लावता येत नाही का? वरण-भात, एक पालेभाजी परतायची, पोळ्या केंद्रातून आणायच्या. माझ्या सासऱ्यांनी ७८ व्या वर्षी पहिल्यांदा फोडणी केली. मोहरी तडतडायच्या आधीच हळद टाकली, जळली, पण तीच आमटी खाल्ली सगळ्यांनी.

भडंगप्रेमी | मंगळवार, सकाळी ९:१८

७४ व्या वर्षी माणसाला गॅससमोर उभं करायचं? काय बोलताय.

आमटीभात | मंगळवार, सकाळी ९:२१

बाई पंचाहत्तरीपर्यंत उभी राहते तेव्हा कुणी विचारत नाही.

शंभर फुटी | मंगळवार, सकाळी ९:२५

झालं सुरू.

कृष्णाकाठची लेक | मंगळवार, सकाळी ९:५०

आप्पा चहा करतात. उत्तम करतात. त्यापुढे ना ते गेले, ना आईने जाऊ दिलं. मी ती लढाई पुण्यातून फोनवर लढणार नाही.

हे घ्या कालचं बिल:
व्हेज थाळी २ × १६० = ३२०
श्रीखंड वाटी ६०
पॅकिंग २०
यावर जीएसटी २०
डिलिव्हरी ०
प्लॅटफॉर्म फी १५, तिच्यावर जीएसटी २.७०
एकूण ४३७.७०

तेरीज-ताळेबंद | मंगळवार, सकाळी १०:२०

आता बोलू. पहिली गोष्ट, थाळी १६० ला लावलीय. हॉटेलात १३०, अ‍ॅपवर १६०. हा फरक बिलात कुठे वेगळा दिसत नाही, म्हणून तो सगळ्यात जास्त खातो. दुसरी, तुम्ही तिथे जेवलात तेव्हा जीएसटी लागला होता का? छोट्या हॉटेलची वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर त्याला नोंदणीच लागत नाही, गल्ल्यावर कर नाही. पण १ जानेवारी २०२२ पासून अ‍ॅपवरून गेलेल्या जेवणावरचा ५ टक्के कर अ‍ॅपनेच गोळा करून भरायचा असतो, हॉटेलची नोंदणी असो वा नसो. म्हणून तीच आमटी दारातून करमुक्त आणि फोनमधून करपात्र. तिसरी, २२ सप्टेंबर २०२५ पासून अ‍ॅपच्या डिलिव्हरी चार्जवरही १८ टक्के लागतो. प्लॅटफॉर्म फीवर तर होताच. ती फी २०२३ मध्ये दोन रुपयांनी सुरू झाली होती. दोन रुपये कोण बघतं, असं तेव्हा सगळेच म्हणाले.

भडंगप्रेमी | मंगळवार, सकाळी १०:३१

सगळं ठीक, पण श्रीखंड कुणाला? आप्पांना साखर आहे म्हणालात ना?

कृष्णाकाठची लेक | मंगळवार, सकाळी १०:३४

श्रीखंड मी मागवलेलं नाही.

कृष्णाकाठची लेक | मंगळवार, सकाळी १०:३५

थांबा जरा.

गल्लापेटी | मंगळवार, सकाळी १०:५०

मी हॉटेलवाला, सांगलीचाच, त्यांचं हॉटेल माझं नव्हे. १६० का लावतो ते सांगतो. माझ्याकडून अ‍ॅप पंचवीस टक्के घेतं. १६० वर ४० रुपये गेले. त्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी, ७ रुपये २० पैसे. हातात राहिले ११२ रुपये ८०. गल्ल्यावर तीच थाळी मी १३० ला देतो. म्हणजे भाव वाढवूनही मला अ‍ॅपवर सतरा रुपये कमीच मिळतात, आणि कमिशनवरचा तो कर मला कुठे वळता करून घेता येत नाही. लोकांना वाटतं हॉटेलवाला लुटतोय.

बाकी १३० तरी कसे झाले? १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर, दर महिन्याच्या एक तारखेला नवा भाव. घरचा १४.२ किलोवाला लावायला बंदी, आणि ती बरोबरच आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क शून्याचं २० टक्के झालं, त्या आठवड्यात पंधरा किलोच्या डब्याने मला घाम फोडला. मे २०२५ च्या शेवटी ते १० वर आणलं. भाव चढला तो पळत, उतरला तो लंगडत. आणि पोळ्या लाटणाऱ्या मावश्यांना मी २०२१ च्या पगारात कसा ठेवू? एक मावशी गेली तर त्या दिवशी गिऱ्हाईकाला भातावर भागवावं लागतं. कांदा महागला की तो मागतानासुद्धा लोक चाचरतात, एवढा त्याचा भाव डोक्यात बसलाय.

अजिंक्यताऱ्याचा पायथा | मंगळवार, सकाळी ११:०२

शिवभोजन थाळी का नाही बघत? १० रुपये. २६ जानेवारी २०२० ला सुरू झाली, दोन चपात्या, भाजी, वरण, भात.

मिरजमार्गे | मंगळवार, सकाळी ११:०६

ती केंद्रावर जाऊन खायची असते हो. मोडका हात घेऊन तीन मजले उतरणार कोण?

कृष्णाकाठची लेक | मंगळवार, सकाळी ११:२८

आईशी बोलले. माझं अकाउंट आप्पांच्या फोनवरही चालू आहे, गणपतीत मीच करून दिलं होतं. मी ऑर्डर तयार करून ठेवते, पाच मिनिटांनी 'पाठव' म्हणते, तेवढ्यात आप्पा त्यात श्रीखंड घालतात. एकोणीस दिवस! दोनदा बासुंदी. मी एकूण रक्कम बघायची आणि पैसे द्यायची, ओळी कधी वाचल्याच नाहीत.

विचारलं तर म्हणतात, "अगं, तुझे पैसे वाचवत होतो. ३४९ च्या वर गेलं की डिलिव्हरी फुकट, स्क्रीनवर लिहून येतं."

भडंगप्रेमी | मंगळवार, सकाळी ११:३०

आप्पांना साष्टांग दंडवत.

तेरीज-ताळेबंद | मंगळवार, सकाळी ११:४१

आप्पांचा हिशोब तपासला. डिलिव्हरी ३५ धरू, तिच्यावर कर ६.३०, म्हणजे वाचले ४१.३०. श्रीखंड ६०, कर ३, गेले ६३. रोजचा तोटा २१.७०. श्रीखंडाशिवाय बिल ४१६ आलं असतं. हॉटेलात जाऊन दोन थाळ्या २६० ला. म्हणजे नुसत्या घरपोचसाठी तुम्ही बरोबर साठ टक्के जास्त मोजताय. खरा रोग तो आहे. श्रीखंड त्यावरची साय.

आमटीभात | मंगळवार, सकाळी ११:४५

आणि साखर किती वाढली ते कोण मोजणार? आधी रक्त तपासून घ्या.

शंभर फुटी | मंगळवार, दुपारी १२:१०

पहिल्या पोस्टपासून विचारायचं राहिलंय. डबा का नको?

कृष्णाकाठची लेक | मंगळवार, दुपारी १२:४५

आप्पा नोकरीच्या सुरुवातीला नऊ वर्षं खानावळीत जेवलेत. 'डबा' शब्द ऐकला की त्यांना ती पातळ आमटी आणि सोमवार-गुरुवारचा बटाटा आठवतो. चार दिवस मागवला, चारही दिवस झाकण उघडून आधी वास घेतला आणि आईला म्हणाले, "तोच." डबेवाल्या मावशी साध्या, बिचाऱ्या स्वच्छ करायच्या. त्यांचा काही दोष नव्हता.

गल्लापेटी | मंगळवार, दुपारी ३:२०

गर्दी ओसरली, आता लिहितो. ताई, त्या हॉटेलला थेट फोन लावा. रोजचं गिऱ्हाईक, दोन थाळ्या, महिनाभर, असं सांगा. विश्रामबागेत जवळपास असेल तर वाढप्या पोरगा सायकलवर देऊन जाईल. साडेबाराच्या आत मागा, एकनंतर तो हलू शकत नाही. स्टीलचे डबे तुमचे ठेवा, दोन जोड, म्हणजे पॅकिंगचे पैसे नाहीत आणि गरम आमटी प्लास्टिकमध्ये जात नाही. पैसे आठवड्याचे आगाऊ द्या, मालक खूश राहतो. आणि आप्पांसमोर त्याला डबा म्हणू नका. हॉटेलातलं पार्सल म्हणा.

मिरजमार्गे | मंगळवार, दुपारी ३:३४

आणि सोडा घातलेली भाजी रोज खाऊन पोट बिघडलं की? मी अजूनही सांगतो, बाई लावा.

गल्लापेटी | मंगळवार, दुपारी ३:३६

सोडा सगळे घालत नाहीत. या एकदा, कढईपाशी उभं करतो.

मिरजमार्गे | मंगळवार, दुपारी ३:३९

येतो की. बिल कोण देणार?

कृष्णाकाठची लेक | गुरुवार, रात्री ९:१५

सगळ्यांचे आभार. फोन लावला. मालक म्हणाले, थाळी १३० च, पोराला रोजचे २० द्या, तिसऱ्या मजल्यापर्यंत चढेल. म्हणजे २८०. भाताऐवजी एकाला जादा पोळी देतो म्हणाले, आप्पांच्या साखरेचं मी न विचारता त्यांनीच विचारलं. आईने माळ्यावरचे तिच्या माहेरचे पितळी कड्यांचे डबे काढायला लावले, ते आप्पांना चालले. ते 'डबा' नाहीत म्हणे.

आजचा पहिला दिवस. जेवण १२:२५ ला पोचलं. १२:४० ला मालकांचा मला फोन, "ताई, काकांनी विचारलंय श्रीखंड सुट्टं मिळतं का. देऊ का?"

नको म्हटलं.

भडंगप्रेमी | गुरुवार, रात्री ९:२२

रविवारी तरी द्या हो.